सेल आतच राहिले

वॉकीटॉकीचं झाकण उघडलं आणि काउंटरवर पांढरी भुकटी सांडली.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत वापरलेला सेट. संक्रांत झाली, कपाटात गेला. सेल आतच.

नवी पेठेतल्या दुरुस्तीवाल्या काकांनी सेल टेकतात ती धातूची पत्री नखानं चाचपली. "पॉलिश पेपर कुणी मारला?"

मी गप्प. अर्थातच मीच.

"निकेलचा मुलामा घालवलात की ओ. आता गंज आणखी लवकर धरणार."

त्यांनी कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेतलं. अल्कलाइन सेलमधून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचं कार्बोनेट होतं, तीच ही भुकटी. व्हिनेगर लागताच बारीक फसफसली. मग अल्कोहोलनं पुसणं, वाळवणं. स्प्रिंग वाचली. मी घासलेली पत्री मात्र बदलावी लागली, नवी सोल्डरचा डाग देऊन बसवली.

"वापरून बिघडलेले सेट कमीच येतात माझ्याकडं," काका म्हणाले. "ठेवून बिघडलेलेच जास्त."

घरी येऊन रिमोट, भिंतीवरचं घड्याळ, सगळं उघडून बघितलं. ठीक होतं. बाबांच्या बीपीच्या मशीनमध्ये मात्र तीच पांढरी भुकटी.

"बाबा, शेवटचं बीपी कधी मोजलं होतं?"