तुम्ही विचारलंत म्हणून: सेगाची पत कुठे गेली?

आमच्या टीव्हीखाली एक पांढरा डबा आहे, सेगा या जपानी कंपनीचं व्हिडिओ गेम खेळायचं मशीन, ड्रीमकास्ट. चालू केला की कंट्रोलरमध्ये खोचलेलं मेमरी कार्ड पीऽऽ करून ओरडतं. त्यातले बटणासारखे दोन सेल केव्हाच संपलेत आणि मी बदलायचा कंटाळा करतो. मग आतली डिस्क खरखरायला लागते आणि आलेला पाहुणा हमखास विचारतो, "एवढं झकास मशीन, मग सेगाने हा धंदा का गुंडाळला?"

सोनीचा प्लेस्टेशन २ आला म्हणून, असं बहुतेक जण सांगतात. आला खरा, २००० साली, आणि वर डीव्हीडीही लावायचा. पण माझं म्हणणं, सेगाची बाजारातली पत त्याच्या पाच वर्षं आधीच गेली होती.

१९९४चा नोव्हेंबर घ्या. अमेरिकेत सेगाने आपल्या जुन्या मशीनवर, मेगा ड्राइव्हवर (तिकडे त्याला जेनेसिस म्हणत) बसवायचा '३२एक्स' नावाचा जोड १६० डॉलरला विकायला काढला. त्याच महिन्यात जपानमध्ये सेगाचंच नवंकोरं मशीन, सॅटर्न, दुकानात आलं! जोड घेणाऱ्याला काय वाटलं असेल?

मग मे १९९५. लॉस एंजेलिसला ई-थ्री हे व्हिडिओ गेमचं प्रदर्शन पहिल्यांदाच भरलं होतं. सेगाने तिथे जाहीर केलं की अमेरिकेत सप्टेंबरात येणारं सॅटर्न आत्ताच मिळेल, ३९९ डॉलरला, पण ठरावीक दुकानांत. ज्यांना माल मिळाला नाही ते दुकानदार खवळले. केबी टॉइज या खेळण्यांच्या दुकानांच्या साखळीने तर सेगाचा मालच ठेवायचं सोडलं. बाहेरच्या कंपन्या सप्टेंबरच्या हिशोबाने गेम बनवत बसलेल्या, त्यामुळे मशीन आलं तरी खेळायला फारसं काही नाही. त्याच प्रदर्शनात सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, पहिल्या प्लेस्टेशनची डॉलरमधली किंमत, "२९९", एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. भाषण संपलं. (सॅटर्नच्या दोन प्रोसेसरांनी प्रोग्रॅमरांच्या नाकी नऊ आणले, ते वेगळंच.)

ड्रीमकास्ट अमेरिकेत आला ९ सप्टेंबर १९९९ला, १९९ डॉलरला, इंटरनेटच्या मोडेमसकट. सुरुवातीला खपलाही धडाक्यात. पण दोनदा पोळलेलं गिऱ्हाईक प्लेस्टेशन २ची वाट बघत थांबलं आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या गेम कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही गेम काढला नाही.

जानेवारी २००१ मध्ये सेगाने ड्रीमकास्ट बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी स्वतःच्या मालमत्तेतले सुमारे ८५०० कोटी येन कंपनीला देऊन टाकले आणि मार्चमध्ये ते वारले. डिसेंबरात सेगाच्या गेममधला लाडका नायक सोनिक प्रतिस्पर्धी निन्टेन्डोच्या हातात धरायच्या मशीनवर, गेम बॉय ॲडव्हान्सवर, पळायला लागला.