गुरूचा मध्यम, शिष्येचा षड्ज

गाणं शिकवणारे हमखास विचारतात: जुनी विद्यार्थिनी आता स्वतः मैफली करते, तिच्याबरोबर एकदा गायचंय, पण माझा सा पेटीच्या काळी एकला (पहिल्या काळ्या पट्टीला), तिचा काळी चारला. जमवायचं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, मधली पट्टी काढू नका. दोघांनी काळी दोन धरली की तुमचा तार षड्ज (वरचा सा) ओढला जातो आणि तिचे मंद्र, म्हणजे खालचे स्वर ऐकूच येत नाहीत. शिकवणीत ते चालतं. मैफलीत तिच्यावर अन्याय होतो.

पं. जसराजांच्या जसरंगीत, म्हणजे गायक आणि गायिका आपापल्या पट्टीत एकाच वेळी दोन वेगळे राग गातात त्या जुगलबंदीत, याचं उत्तर आहे. तुमचा मध्यम तो तिचा षड्ज. तुम्ही अर्धा स्वर चढून पांढरी दोन घ्या, ती अर्धा स्वर उतरून पांढरी पाच घेईल. तुम्ही आभोगी राग गा, ती कलावती. पाचही स्वर तेच: तुमचा सा तिचा पंचम, रे तिचा धैवत, कोमल गंधार तिचा कोमल निषाद, मध्यम तिचा सा, धैवत तिचा गंधार. आभोगीत पंचम नसल्यामुळे तुमचा तानपुरा मध्यमाचा आणि तिचा पंचमाचा लावला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. तबला पांढरी दोनला.

तरी बिघडतंच. वर्षानुवर्षं तुमच्याच गळ्यावरून शिकलेली ती, तुम्ही सा लावला की नकळत तिथेच, म्हणजे स्वतःच्या पंचमावर, विसावते आणि कलावतीचा आभोगी होऊन बसतो. तालमीत तुमचं आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) संपलं की तिने आधी स्वतःचा सा आणि गंधार ठाशीव लावावा, मग पुढे जावं. मॉनिटरमध्ये तिला तिचाच तानपुरा मोठा द्या.

बंदिशी दोन, पण ताल एक आणि मुखडा (समेवर आणणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) एकाच मात्रेवर उठणारा हवा. नाहीतर समेआधी दोघांची टक्कर ठरलेली. विलंबित एकतालात एकेक आवर्तन वाटून घ्या. ज्याचं आवर्तन, मुखडा त्याचाच. द्रुत तीनतालात आधी 16, मग 8, मग 4 मात्रा वाटून घ्या.

सगळ्यात अवघड काम तुमचं आहे. ती मध्येच थांबली की तिची जागा पुरी करायला तुमचा गळा धावणार. धावू देऊ नका. तो विराम तिने विचार करून घेतलेला असतो. हातवारे करून सुचवणंही नको. तालमीचं रेकॉर्डिंग ऐकताना तुम्ही कुठे कुठे तिच्या आवर्तनात शिरलात तेवढ्याच जागा टिपा आणि पुढच्या तालमीत तिथे गप्प राहा.