फ्लॉरेन्सचे तिकीट घेण्यापूर्वी आणि घुमट चढण्यापूर्वी

फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचे, म्हणजे तिथल्या डुओमोचे, तिकीट मुंबईतल्या एजंटकडून कोणीही घेऊ नये, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो, कारण इटलीच्या आमच्या प्रवासात सर्वांत जास्त मनस्ताप याच तिकिटाने दिला. दादरच्या एका एजंटने ‘डुओमो, घुमटासह’ असे सांगून आम्हां दोघांची तिकिटे काढून दिली होती. घुमटाच्या दाराशी पोहोचल्यावर कर्मचारी महिलेने मोबाइलवरचा कोड तपासला आणि आम्हांला रांगेतून बाजूला केले. आमच्याकडे होता तो गिबर्ती पास, आणि त्या पासावर ना घुमट चढता येतो, ना घंटाघर.

हा सगळा व्यवहार नीट समजून घ्या. तिथे तीन प्रकारचे पास मिळतात. ब्रुनेलेस्की पासात घुमटासकट सर्व काही येते, ज्योत्तो पासात घंटाघर येते पण घुमट येत नाही, आणि गिबर्ती पासात बाप्तिस्मागृह, संग्रहालय आणि कॅथेड्रलखालचे जुन्या चर्चचे अवशेष एवढेच येते. आम्ही गेलो तेव्हा त्यांचे दर अनुक्रमे ३०, २० आणि १५ युरो होते, आणि एजंटने सर्वांत स्वस्त पासासाठी आमच्याकडून सर्वांत महागड्या पासाहूनही जास्त पैसे घेतले होते. खुद्द कॅथेड्रलमध्ये जायला तर तिकीटच लागत नाही. रांगेत उभे राहायचे आणि आत जायचे. पासावर ब्रुनेलेस्कीचे नाव आणि चढाईची तारीख-वेळ नसेल, तर घुमट विसरा. व्हिसा हातात पडला की त्याच दिवशी अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः वेळ आरक्षित करा, कारण हंगामात या वेळा फार लवकर भरतात. आम्हांला नव्याने पैसे भरून, मुक्कामाच्या शेवटच्या सकाळची वेळ मिळाली.

आता चढाईविषयी. पायऱ्या ४६३ आहेत आणि लिफ्ट नाही. रोज लोकलचे पूल चढणाऱ्या मुंबईकराला हा आकडा मोठा वाटणार नाही, परंतु खरा त्रास आकड्याचा नाही, जागेचा आहे. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात हा घुमट जमिनीपासून लाकडी आधार न उभारता, विटांची एकात एक अडकणारी तिरपी रचना करत बांधला आणि त्याला आतले व बाहेरचे अशी दोन कवचे ठेवली. शेवटचा टप्पा या दोन कवचांच्या मधल्या फटीतून जातो. तिथे एका बाजूची भिंत डोक्यावर कलत येते, पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, हवा कोंदट आहे, आणि काही ठिकाणी वरून उतरणारे लोक समोर आले की भिंतीला पाठ चिकटवून उभे राहावे लागते. मागे रांग असल्यामुळे मध्येच परत फिरणे जवळजवळ अशक्य होते. माझ्यापुढच्या एका धडधाकट तरुणाला तिथे घाम फुटून खाली बसावे लागले आणि त्याच्यामागे सारेजण खोळंबले. ज्यांना बंद जागेची भीती वाटते, ज्यांना दमा आहे किंवा ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी वर जाऊच नये. ‘हळूहळू जमेल’ असे सांगणाऱ्यांचे ऐकू नये. साडी नेसून चढू नये. मोठी पिशवी आत नेता येत नाही, ती आधी सामानघरात ठेवावी लागते, म्हणून आपल्या वेळेच्या अर्धा तास तरी आधी पोहोचा.

या चढाईचे फळ म्हणजे वाटेत लागणारा आतला सज्जा. वासारीने १५७२ मध्ये सुरू केलेले आणि त्याच्या मृत्यूनंतर झुक्कारीने १५७९ मध्ये पुरे केलेले अंतिम न्यायाचे भित्तिचित्र तिथे हाताच्या अंतरावर येते. खालून नाजूक दिसणाऱ्या आकृती जवळून राक्षसी आकाराच्या आहेत, रंगाचे फटकारे रुंद आणि घाईचे आहेत, आणि नरकातल्या सैतानांची तोंडे तर माणसाहून मोठी वाटतात. ते पाहताना मी पायांचे दुखणे विसरलो. शिखरावरून मात्र सारे शहर दिसते आणि ज्यासाठी शहर प्रसिद्ध आहे तो घुमट तेवढा दिसत नाही. म्हणून माझे मत असे, की एकच काही चढायचे असेल तर ज्योत्तोचे घंटाघर चढा. पायऱ्या ४१४ आहेत, परंतु मध्ये थांबायला मोकळे मजले आहेत आणि समोर संपूर्ण घुमट उभा असतो.

डुओमोचे संग्रहालय तर कोणीही चुकवू नये. दोनातेल्लोची लाकडात कोरलेली, उपवासाने झिजलेली मॅग्डालीन, म्हणजे येशूची शिष्या, तिथे आहे. गिबर्तीने १४२५ ते १४५२ अशी वर्षे खर्ची घालून घडवलेले बाप्तिस्मागृहाचे मूळ सोनेरी दरवाजेही तिथेच आहेत, बाहेर लोक ज्यांचे फोटो काढतात त्या प्रती आहेत. मायकेलअँजेलोने स्वतःच्या थडग्यासाठी कोरायला घेतलेला आणि मग स्वतःच हातोड्याने फोडलेला पिएता, म्हणजे मृत येशूला सावरणाऱ्यांचे शिल्प, पाहायला आम्ही पुन्हा गेलो.

सांता क्रोचे चर्चला वेगळे तिकीट आहे आणि ते घ्यावे. मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ यांची थडगी तिथे आहेत, परंतु मला तिथे थांबवले ते जुना चित्रकार चिमाबुए याने रंगवलेल्या लाकडी क्रुसाने. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात आर्नो नदीचे चिखल आणि इंधनतेल मिसळलेले पाणी चर्चमध्ये शिरले आणि या क्रुसावरचा बराचसा रंग कायमचा गेला. २६ जुलै २००५ चे पाणी घरात आलेल्या कोणत्याही मुंबईकराला त्या रिकाम्या डागांसमोर निराळे काही समजावून सांगावे लागत नाही.

जेवणाविषयी मोजकेच. तोस्कानातल्या, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांतातल्या, पावात मीठ नसते, त्यामुळे तो नुसता खाऊन नाराज होऊ नका. शिळा पाव, घेवडा आणि काळपट हिरवी कोबी यांची रिबोल्लीता, म्हणजे घट्ट सूप, त्याच पावाची होते आणि ती उत्तम लागते. शाकाहारींनी मात्र तिच्यात मांसाचे पाणी घातले आहे का, हे विचारावे, आणि पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण असते हेही लक्षात ठेवावे. बाजारातल्या गाड्यांवरचा लांप्रेदोत्तो म्हणजे गाईचे चौथे जठर असते. मांसाचा मोठा तुकडा किंवा अख्खा मासा मागवताना दर किलोचा आहे की १०० ग्रॅमचा, हे वाचल्याशिवाय मागवू नका. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्या. टेबलापाशी बसलात की तिचे दाम वाढते.

तोस्कानातल्याच सिएना आणि लुक्का या शहरांतले दिवस सुखात गेले.

रोममधली बरीचशी चर्च, आपल्याकडे नैवेद्यानंतर देऊळ बंद होते तशी, दुपारी बंद असतात. त्यामुळे सॅन लुइजी देई फ्रांचेझी हे चर्च सकाळीच गाठा. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. डाव्या हाताच्या पाचव्या कोनाड्यात, म्हणजे चर्चमधल्या छोट्या चॅपलमध्ये, कॅराव्हाज्जोची संत मॅथ्यूची तीन चित्रे आहेत. त्यांतले येशूने मॅथ्यूला पाचारण करण्याचे चित्र डाव्या भिंतीवर आहे, म्हणून कठड्याच्या उजव्या टोकाला उभे राहा, नाहीतर ते फार तिरपे दिसते. दिव्यासाठी पेटीत नाणे टाकावे लागते आणि थोड्या वेळाने दिवा विझतो, तेव्हा खिशात सुटी नाणी भरपूर ठेवा. तिथून पायी सांता मारिया देल पोपोलो या चर्चपर्यंत जाता येते. मुख्य वेदीच्या डावीकडच्या चेराझी कोनाड्यात त्याचीच संत पीटर आणि संत पॉल यांची चित्रे समोरासमोर आहेत, आणि नाणी तिथेही लागतील.