ब्युरेट आणि एका जागी थांबलेला डोळा

अनुमापनात, म्हणजे एका द्रावणात दुसरे द्रावण मोजून घालत त्यातला पदार्थ किती आहे ते ठरवताना, ब्युरेटच्या (खुणा असलेल्या, खाली तोटी असलेल्या काचेच्या उभ्या नळीच्या) शेवटच्या वाचनातून पहिले वाचन वजा करायचे असते, त्यामुळे डोळ्याची चूक दोन्हीकडे सारखीच होऊन आपोआप निघून जाते, असा समज गोव्यातील बारावीच्या प्रॅक्टिकलला येणाऱ्या मुलांमध्ये मला वारंवार आढळतो. माझ्या मते तो घातक आहे, कारण बहुतेक वेळा नेमके उलटे घडते.

काचेत पाण्याचा पृष्ठभाग खोलगट होतो म्हणून त्याचा तळ वाचावा, आणि पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात तळ दिसत नसल्याने दोन्ही वेळा वरची कड वाचावी, एवढे मुलांना पाठ असते. डोळ्याच्या उंचीकडे मात्र दुर्लक्ष होते. खुणा नळीच्या बाहेरच्या अंगाला असतात आणि खोलगटाचा तळ नळीच्या मध्यभागी. त्यामुळे वरून पाहिल्यास तो आहे त्यापेक्षा वर दिसतो, खालून पाहिल्यास खाली. ब्युरेटचे शून्य वरच्या टोकाला असते. विद्यार्थी एकाच जागी उभा राहिला आणि त्याचा डोळा ब्युरेटच्या मध्यावर आला, तर पहिले वाचन खालून घेतल्यामुळे खऱ्यापेक्षा मोठे येते आणि द्रव बराच उतरल्यावर शेवटचे वाचन वरून घेतल्यामुळे लहान. वजाबाकीत या दोन्ही चुका एकमेकींत मिळतात आणि आकारमान कमीच भरते.

50 मिलीलीटरच्या नेहमीच्या ब्युरेटमध्ये एक मिलिमीटर उंची म्हणजे साधारण 0.1 मिलीलीटर. आपल्याकडच्या माडाच्या सुरेचे (माडीचे) व्हिनेगर घ्या. त्यात 3.75 टक्के ॲसेटिक आम्ल असेल आणि ते दहापट पातळ करून 10 मिलीलीटर नमुना 0.1 मोलर (लीटरमागे 0.1 मोल) सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापित केला, तर सुमारे 6.25 मिलीलीटर लागतात. तिथे 0.1 मिलीलीटर कमी वाचले की उत्तर 3.69 टक्क्यांवर घसरते. शिवाय अनुमापन तीनदा केले तर तिन्ही वाचने एकमेकांशी सुरेख जुळतात, कारण डोळा तिन्ही वेळा तिथेच असतो. जुळणारी वाचने म्हणजे बरोबर वाचने, हे मानणे मला पटत नाही.

म्हणून प्रत्येक वाचनाला डोळा द्रवाच्या पातळीवर न्यावा, त्यासाठी स्टुलावर चढावे किंवा गुडघे वाकवावेत. नळीभोवती पूर्ण फिरलेली खूण जवळ असेल तर तिची पुढची आणि मागची रेषा एकच दिसेपर्यंत डोके हलवावे, आणि मागे पांढरे कार्ड धरून त्यावरची काळी पट्टी तळाच्या किंचित खाली ठेवावी, म्हणजे खोलगटाची कड स्पष्ट उठून दिसते.