चेतक अपडेट: हेलिकॉइल प्लगसोबतच बाहेर आलं, आता गनमेटलचा बुश

माझ्या जुन्या बजाज चेतक स्कूटरच्या इंजिनमधून ‘फुस्स’ असा आवाज येतो, असं गेल्या वेळी लिहिलं होतं. त्याचा पत्ता लागला, आणि त्यापायी इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात स्पार्क प्लग बसतो) उतरवावं लागलं.

इंजिन पूर्ण थंड असताना प्लगला पाना लावला. आधी सहज सैल झाला, मग जड जायला लागला आणि शेवटी बाहेर आला तो अख्खं हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवतात ती स्प्रिंगसारखी तार) अंगावर घेऊन. तारेच्या वेढ्यांमध्ये ॲल्युमिनियमचा करडा चुरा दाबून बसलेला. म्हणजे या हेडचे मूळ आटे कधीच गेले होते आणि आधीच्या मालकाकडे असताना कुणीतरी हेलिकॉइल टाकून गाडी चालती केली होती. तेही हेड गाडीवरच ठेवून, हातटॅपनं (टॅप म्हणजे आटे पाडायचं हत्यार). हे प्लगच्या वॉशरवर सरळ लिहिलेलं होतं: एका बाजूनं पार चपटा, दुसऱ्या बाजूनं जवळजवळ कोरा, आणि त्या कोऱ्या बाजूला काजळीचा पट्टा. भोकच तिरपं गेलं होतं. प्लग एका कडेवर टेकायचा, गॅस दुसऱ्या कडेनं निघायचा.

चेतकमध्ये हे नवल नाही. टू-स्ट्रोक म्हटल्यावर प्लग काळा पडणार, तो काढून पॉलिश पेपरनं घासून परत लावायचा, आणि हे सगळं काऊलच्या (इंजिनवरच्या आवरणाच्या) भोकातून, आत नीट दिसत नसताना. पहिले दोन-तीन फेरे हातानं न घेता थेट पान्यानं आवळले, की प्लगचे स्टीलचे आटे ॲल्युमिनियममध्ये स्वतःची नवी वाट काढतात. माझा उपाय जुनाच आहे: पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या टोकावर चढवायचा आणि त्यानंच प्लग फिरवायचा. आटे चुकले तर नळी घसरते, हेड वाचतं.

आता मुख्य भानगड. पुन्हा हेलिकॉइल का नाही? प्लगचे आटे १४ × १.२५, म्हणजे व्यास १४ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर १.२५. त्याचा हेलिकॉइल टॅप भोकात साधारण १५.६ मिलिमीटरपर्यंत आटे पाडतो, आणि ते आटे आता ओरबाडून निघालेत. त्याच तिरप्या भोकात नवीन तार बसवली तर तीही प्लगसोबत येईल. मग बाहेरून १६ × १.५ चा बुश (आतून-बाहेरून आटे असलेली धातूची नळी)? हिशेब मांडला: १६ च्या आट्यांचा तळ १४.१६ ला येतो, आतले आटे १४ चे. भिंत उरते ०.०८ मिलिमीटर. विषय संपला. १८ × १.५ घेतला तर तळ १६.१६ ला येतो आणि भिंत १ मिलिमीटरच्या वर मिळते. बुश करायचा तर १८ चाच.

नवीन हेड घे, असं बरेच जण म्हणतील. बाजारातली दोन-तीन हातात घेऊन पाहिली. चेंबरचं (मिश्रण पेटतं त्या पोकळीचं) फिनिश खडबडीत आणि थंडाव्याच्या फिन्सच्या कडांना ओतकामाचे काटे. मूळ हेडचं ओतकाम त्याहून कितीतरी सरस आहे, म्हणून जीव त्याच्यातच.

हेड घेऊन हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकाजींकडे गेलो. मी सोबत १६.५ चं ड्रिल नेलं होतं, कारण १८ × १.५ च्या टॅपसाठी भोक तेवढंच लागतं. त्यांनी भोकात बॅटरी मारून पाहिली आणि ड्रिल बाजूला ठेवलं. “भाऊ, ड्रिल नोका टाकू. थे जुन्याच भोकाच्या मागं जाईन. बोरिंग करू.”

सगळी मेख इथेच आहे, म्हणून सविस्तर सांगतो. ड्रिलचं टोक आधीच्या भोकात शिरतं आणि ते भोक नेईल तिकडे जातं. बोरिंग बारचं, म्हणजे एका बाजूनं कापत भोक मोठं करणाऱ्या दांड्याचं, तसं नाही. तो मशीनच्या अक्षावरच फिरतो, समोर भिंत जाड असो की पातळ. पण मशीनचा अक्ष जुळवायचा कशाशी? भोक तर खोटं बोलत होतं. हेडच्या सपाट तोंडाशी जुळवून उपयोग नाही, कारण चेतकचा प्लग त्याला तिरपा बसतो. काकाजींनी प्लगची बैठक निवडली. वॉशर जिथे दाबला जातो तो भाग खराब झाला होता, पण त्याच्या बाहेर फॅक्टरीत मशीन केलेलं एक बारीक कडं शाबूत आहे. त्या कड्यावर डायल गेज (कणभर उंच-सखलही काट्यावर दाखवणारं मापक) फिरवून काटा जागेवर हलेनासा होईपर्यंत हेड वाईसमध्ये बसवलं. वेळेचा सगळ्यात मोठा वाटा इथेच गेला आणि तो वसूल झाला.

बोरिंग सुरू झाल्यावर भोकातला वाकडेपणा डोळ्यांना दिसला. वरच्या बाजूला हत्यार चहूकडून लागत होतं, पण खाली चेंबरजवळ एकाच बाजूनं चकचकीत धातू निघत होता आणि समोरच्या बाजूला जुन्या आट्यांची चंद्रकोर तशीच काळी. १६.५ ला पोचलो तेव्हा तीही गेली. १२.७ मिलिमीटर खोलीत साधारण दोन अंशांपर्यंतचा कल एवढ्या वाढीत निघून जातो. आमचा त्यात बसला! नंतर १८ चा टॅप मशीनवरच, केरोसीन लावून. आटे बघण्यासारखे आलेत. टॅप एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा), इतवारीतून सुटा आणलेला. सेटमध्ये मिळणारे स्वस्त कार्बन स्टीलचे टॅप मी आता ॲल्युमिनियमलाही लावत नाही, ते कापण्याऐवजी फाडतात.

बुशाला २१ मिलिमीटर व्यासाची, दीड मिलिमीटर जाड कॉलर (वरची रुंद कड) आहे, आणि बैठकीतही तेवढाच खड्डा घेतलाय. नाहीतर प्लग दीड मिलिमीटर वर राहिला असता आणि खालचे आटे उघडे पडून त्यांत कार्बन भरला असता. खालची कड चेंबरच्या किंचित आतच राहणार. बाहेर डोकावली तर ती लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवेल.

बुशाचा धातू गनमेटल (तांबं-कथील-जस्ताचा मिश्रधातू). माझ्या डोक्यात आधी स्टील होतं, पण दीडशे अंश तापमान चढलं तर १८ च्या व्यासावर ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा ०.०३ मिलिमीटर जास्त फुलतं. गनमेटलला तो फरक निम्म्याहून कमी येतो. शिवाय नागपूरच्या मे महिन्यात सिग्नलवर उभ्या चेतकचं हेड किती तापतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे.

बुश तयार आहे, आतले १४ चे आटेही पाडलेत. पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. हेड अजून वाईसमध्येच आहे, मग आतले आटे आधी कशाला? कोरा बुश लॉकटाइट २७२ (आटे घट्ट धरून ठेवणारं चिकटद्रव्य) लावून आवळायचा (ते २३० अंशांपर्यंत टिकतं), आवळण्यासाठी कॉलरच्या वर दांडा ठेवून त्याला पान्यापुरते दोन चपटे काप घ्यायचे, आणि चिकटल्यावर तो दांडा मशीनवरच उतरवून आतलं बोरिंग आणि १४ चा टॅप त्याच अक्षावर मारायचा. मग बुश कणभर तिरका बसला तरी प्लग सरळच बसणार. नंतर हेड उलटं करून खालच्या कडेला तीन पंच (बुश फिरू नये म्हणून ठोकलेल्या खुणा), आणि पंचानं दबलेला शेवटचा आटा तोच टॅप हातानं फिरवून साफ. काकाजींना फोन केला. म्हणाले, “हौ, असंच करू. गनमेटलचा दांडा थोडा लांब आणजा.”

तयार झालेला बुश आता शिल्लक आहे. ज्यांच्या चेतकचे आटे गेलेत त्यांनी कळवा, पण आधी हेड उतरवून बैठकीचं बाहेरचं कडं शाबूत आहे का ते बघा. माझ्या हेडवर प्लग २५ न्यूटन मीटरला, आटे कोरडे ठेवून आवळणार, मग साबणाच्या पाण्यानं लीक तपासणार. कॉम्प्रेशनचे आकडे पुढच्या वेळी.