हळद, पालक आणि बिबळ्याचा पेला

गेल्या वर्षी घरच्या पाच दिवसांच्या गणपतीमागे रात्रीच्या जंगलाचा पडदा करायचा आणि तो अंधारात जांभळ्या दिव्याखाली उजळून निघेल असा रंगवायचा, असे मी ठरवले. बाजारात मिळणारे चमकणारे रंग आणायचे नव्हते, कारण ज्या वनस्पतींत मुळातच हा गुण आहे त्यांच्यापासून आपल्याला रंग करता येतो का, हेच मला पाहायचे होते. दिवा म्हणून मी नोटा तपासण्यासाठी वापरतात ती ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जांभळ्या प्रकाशाची टॉर्च घेतली.

सुरुवात अर्थातच हळदीपासून केली. चिमूटभर हळद पाण्यात कालवून टॉर्चखाली धरली, तर गढूळ पिवळ्या पाण्यापलीकडे काही दिसले नाही. तीच हळद काचेच्या वाटीत घेऊन वर सर्जिकल स्पिरिटचे दोन थेंब टाकले, तेव्हा थेंबाच्या कडेने हिरवट पिवळा प्रकाश असा पसरला की मी दचकून हात मागे घेतला. हळदीतले पिवळे रंगद्रव्य, म्हणजे कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये मात्र सहज विरघळते, आणि त्याचे रेणू एकमेकांपासून सुटे झाल्याशिवाय ते नीट चमकत नाही. हळद जास्त घातली की रंग गडद होतो आणि चमक उलट कमी होते; हे पटायला मला तीन वाट्या लागल्या. स्वयंपाकघरातून आईने बजावले, ‘‘ओट्यावर सांडू नकोस गं, हळदीचे डाग जात नाहीत.’’ स्पिरिट लगेच पेट घेते, म्हणून ओट्यावर काम करायचेच नव्हते. मी गच्चीवर गेले.

पालकाची गंमत वेगळी आहे. जिवंत पानातले हरितद्रव्य शोषलेल्या प्रकाशातला बहुतेक भाग अन्न तयार करण्याच्या कामी लावते, त्यामुळे पानावर टॉर्च मारली तर लाली जवळजवळ दिसतच नाही. तेच पान स्पिरिटमध्ये खलून गाळले की ऊर्जा वापरणारी ती सगळी यंत्रणा मोडते आणि हिरवा द्रव टॉर्चखाली रक्तासारखा लाल दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे खोटे वाटते. माझ्या भाचीने तर बाटलीत लाल दिवा लपवला आहे का, हे बूच काढून तपासले.

निळ्या रंगासाठी टॉनिक वॉटर या कडवट पेयातले क्विनाइन अनेकांना ठाऊक असते, पण त्याला माझ्या टॉर्चपेक्षा ३६५ नॅनोमीटरचा दिवा जास्त मानवतो. माझ्याकडे आजोबांचा मधुमेहासाठी आणलेला विजयसारचा, म्हणजे बिबळ्याच्या लाकडाचा, पेला होता. त्यात रात्रभर ठेवलेले पाणी उजेडाच्या दिशेने पाहिले तर मधासारखे दिसते आणि बाजूने पाहिले तर कडेला निळी झाक उमटते. सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस याने १५६५ मध्ये मेक्सिकोतून येणाऱ्या अशाच एका लाकडाच्या निळसर पाण्याचे वर्णन केले होते. पुढे युरोपात अशा लाकडाचे पेले दरबारी भेटी म्हणून फिरले, आणि त्यांतले काही फिलिपिन्समधल्या एका झाडाचे होते, जे आपल्या बिबळ्याच्याच कुळातले आहे. थोडे लिंबू पिळले की निळाई जाते. आणखी एक योगायोग मला फार आवडला: पॅरिसच्या पिएर-जोसेफ पेल्तिए या औषधशास्त्रज्ञाचे नाव १८१५ मध्ये कर्क्युमिनशी, १८१७ मध्ये हरितद्रव्याशी आणि १८२० मध्ये क्विनाइनशी जोडलेले सापडते. पिवळा, लाल आणि निळा हे तिन्ही एकाच माणसाच्या हाताखालून गेले.

चमकणारा द्रव हाती आला म्हणजे रंग झाला, ही माझी समजूत मात्र लवकरच उतरली. स्पिरिट उडून गेले की कर्क्युमिनचे रेणू पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि चमक मंदावते. त्यांना सुटे धरून ठेवणारे काहीतरी हवे. मी बाभळीच्या डिंकाचे पाणी घातले, तर डिंक स्पिरिटमध्ये फाटून तळाशी लोळा झाला. फर्निचरला पॉलिश करणारे वापरतात तो चपडा, म्हणजे लाख, रंगाच्या दुकानातून आणून स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवला आणि त्यात हळदीचा गाळलेला अर्क मिसळला, तेव्हा प्रथमच वाळल्यावरही उजळणारा थर मिळाला. चपड्याला स्वतःचीही नारिंगी चमक असते, त्यामुळे पिवळा थोडा केशरीकडे झुकला. लाख ही किड्याची देणगी, वनस्पतीची नव्हे. नियमाचा एवढा भंग मी पत्करला. कुंकवासारखा लाल मिळावा म्हणून हळदीत चुनाही घालून पाहिला. रंग सुरेख आला, चमक मात्र बरीच गेली.

पालकाचा अर्क पंख्याखाली बशीत वाळवून तो खोबरेल तेलात उतरवला आणि किंचित मेण घालून मलमासारखा केला, कारण हरितद्रव्य तेलात सुटे राहते. बिबळ्याच्या पाण्याला डिंक चालला, पण वाळल्यावर निळा इतका फिका पडला की शेवटी ते पाणी मी छोट्या बाटल्यांत भरून पडद्यापुढे ‘तळे’ म्हणून मांडले.

कागदाने वेगळाच घोटाळा केला. ड्रॉइंगच्या पांढऱ्याशुभ्र कागदात उजळपणासाठी रसायने घातलेली असतात, ती टॉर्चखाली निळी पेटतात आणि आपले चित्र त्यापुढे काळे दिसते. साबणाने धुतलेल्या कापडाचेही तेच होते. अखेर मी कोरे मांजरपाट घेतले आणि ते फक्त गरम पाण्यातून काढले.

पहिल्या रात्री आरतीनंतर दिवे मालवले तेव्हा पळसाच्या फुलांसाठी वापरलेला पालकाचा लाल सर्वांत देखणा होता. दिवसाचा उजेड खाऊन तिसऱ्या दिवशी तो तपकिरी झाला आणि चौथ्या दिवशी मी नवा लेप लावला. हळदीने रंगवलेली पाने पाचही दिवस टिकली.

विसर्जनानंतर आवराआवर करताना सहज टॉर्च स्वयंपाकघरात फिरवली. ओट्यावर काहीच नव्हते. मात्र मिसळणाच्या डब्याचे जुने प्लॅस्टिकचे झाकण, ज्यात हळद वर्षानुवर्षे मुरली आहे, पडद्यावरच्या कुठल्याही पानापेक्षा जास्त लखलखीत पेटले. आई म्हणाली, ‘‘हेच लावायचे होतेस की.’’