चाळीस गॅलन

ओढ्याकाठी आमचा मुक्कामाचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, लावला की मी आधी पाणसळ काढतो. गवंड्याकडे असते तशीच ती, फक्त वीतभर लांबीची. ती उंबऱ्यावर आडवी ठेवायची, बुडबुडा कोणत्या अंगाला पळतो ते पाहायचे, खालच्या अंगाची चाके प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर चढवायची आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत हाच उद्योग करत राहायचा. हा सोस दिखाव्यासाठी नसतो. गॅसवर चालणारा आमचा जुना फ्रिज ट्रेलर कलता राहिला तर नीट थंड होत नाही, आणि आत श्रीखंडाचा डबा असताना तो धोका पत्करणे मला शक्य नसते.

कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्क या गावाला लागूनच रॉकी माउंटन नॅशनल पार्क सुरू होते आणि फॉल रिव्हरच्या फाटकातून आत शिरताच ॲस्पनग्लेन हा तळ लागतो. उंची सुमारे २,५०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साडेआठशे मीटर जास्त. पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे कुकर नसेल तर तूरडाळ शिजण्याची आशा सोडावी. फॉल रिव्हरला नदी म्हणायचे ते केवळ नकाशाचा मान राखण्यासाठी. पुण्याहून आलेल्या माझ्या आईने पहिल्याच दिवशी तिला ओढा म्हणून टाकले.

या तळावर ट्रेलरला वीज, नळ किंवा सांडपाण्याची जोडणी मिळत नाही. जे काही असेल ते आपल्याच टाक्यांत: ताज्या पाण्याची एक, मोरीच्या पाण्याची दुसरी आणि जिचा उल्लेख जेवताना करू नये अशी तिसरी. आमची ताज्या पाण्याची टाकी ४० गॅलनची, म्हणजे साधारण दीडशे लिटरची. बाहेर हाकेच्या अंतरावर रात्रंदिवस पाणी खळाळत असताना आत मात्र तांब्या-तांब्याचा हिशेब चालतो, याची मला दर वेळी गंमत वाटते. मुले शॉवरखाली उभी राहू लागली की ही टाकी दोन दिवसांत तळ गाठते. आई असताना तेच पाणी चार दिवस पुरले. परतताना डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या जागी, जाड नळी जोडून मी रिवाजाप्रमाणे आधी तिसरी टाकी सोडली आणि मग नळी धुऊन निघावी म्हणून मोरीची. तर आईच्या काटकसरीमुळे नळी धुण्यापुरतेही पाणी त्या टाकीत साठलेले नव्हते.

जूनमध्ये ओढ्याचा आवाज रात्री वाढतो. दिवसभराच्या उन्हाने वरचा बर्फ वितळतो, ते पाणी खाली पोहोचेपर्यंत अंधार पडतो, आणि संध्याकाळी कोरडे दिसलेले दगड जेवणानंतर बॅटरीच्या उजेडात शोधायला जावे तर ते बुडालेले असतात. मला त्या आवाजात गाढ झोप लागते, आईला लागेना. लव्हलँड गावाकडून बिग थॉम्पसन नदीच्या घळीतून येताना रस्त्याकडेची पाटी तिने पाहिली होती, पूर आल्यास उंचावर चढा असे सांगणारी. त्या घळीत ३१ जुलै १९७६ च्या रात्री १४४ माणसे गेली, त्यांतली कित्येक गाडीने पुराच्या पुढे निघून जाऊ पाहणारी, हे मीच तिला उत्साहाने सांगितले होते. वर हेही सांगितले, की १५ जुलै १९८२ च्या पहाटे डोंगरातल्या लॉन लेकचा मातीचा बांध फुटला आणि तिघे दगावले, त्यांपैकी दोघे आपण मुक्काम केला आहे त्याच तळावरचे. कुणाला काय सांगावे, याचे भान मला नेहमी उशिरा येते.

आईने पानशेत पाहिलेले आहे. १२ जुलै १९६१ ला ती आठ वर्षांची होती आणि आजोबांनी तिला खांद्यावर घेऊन पर्वती गाठली होती. पानशेतपाठोपाठ खडकवासल्याचेही धरण फुटल्यामुळे पूर ओसरल्यावर नळ कोरडे पडले. तिच्या बोलण्यात पुरापेक्षा हंडे-कळश्यांच्या त्या रांगाच अधिक येतात.

"तो बांध परत बांधलाय का रे?" अंधारात तिने विचारले. मी नाही म्हणालो. ती जरा वेळ गप्प राहिली. "तरी पण, चढायचं कुठून?"

मी उठून खिडकीतून ट्रेलरमागचा पाइनचा चढ दाखवला. पहाटे चहासाठी उठलो, तेव्हा पायरीवर तिच्या चपला नव्हत्या. बूट होते, नाड्या सैल केलेले, टोके चढाकडे.